आजोबांची युद्धातली पत्रं

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. त्यांनी आजीला पाठवलेली पत्रं सापडली आहेत, बहुतेक पेन्सिलीने लिहिलेली. ‘तुझं पत्र का नाही?’ हे पुन्हा पुन्हा येतं, पण ठिकाण कुठेच नाही. ते कसं शोधावं? घडीवर फाटलेले कागद कसे जपावेत?

उत्तर : ठिकाण लिहायला बंदीच होती, पत्रं सेन्सॉर तपासत असे. म्हणून पाकिटावरचा गोल शिक्का भिंगातून पाहा. त्यात ‘एफपीओ’, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, त्याचा क्रमांक आणि तारीख असते. हे टपालघर फौजेबरोबर हलायचं, त्यामुळे नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. तारीख जोडीला घेऊन बटालियनच्या इतिहासाशी ताडून पाहा. त्यासाठी आजोबांची बटालियन कितवी, हे आधी नक्की करा. तिसरी बटालियन जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथल्या लढाईसाठी. पहिली बटालियन एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर होती.

पाकिटं पत्रांपासून वेगळी करू नका. पत्रं लिहिल्या तारखेनेच लावा. युद्धातलं टपाल अडकून पडे, मग मागचं-पुढचं एकदम हाती येई. त्यामुळे आजोबांच्या त्या प्रश्नावरून आजीने पत्रच टाकलं नाही असं कृपा करून ठरवू नका. अक्षर मध्येच बदललं तर पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं असू शकतं. रोमन लिपीतला मजकूर दिसला तर तो हिंदुस्तानीत वाचून बघा. फौजेत तशी लिहायची पद्धत होती.

आता कागद. घडी ओढून उलगडू नका. हळूच उघडून दोन टिपकागदांत ठेवा, वर हलकं पुस्तक, दोन-तीन दिवस. सेलोटेप अजिबात नको. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. गंजक्या टाचण्या काढून टाका. पेन्सिलीचा रंग उडत नाही, पण घासला की पुसतो. म्हणून ही पत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, त्यातल्या स्थिर विजेने शिसं उचललं जातं. प्रत्येक पत्र आम्लविरहित कागदात वेगळं गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत आडवं ठेवा. पेटी माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको. पावसाळ्यात ओल धरते, मग बुरशी आणि कसर. पत्रं पेटीत ठेवण्याआधी दोन्ही बाजू आणि पाकीट ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. फिकी अक्षरं उठत नसतील तर बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढा.