वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना जाताना काय तयारी करावी?

रक्ततपासणीसाठी साधारण 8 ते 12 तास उपाशी राहायला सांगतात. साधं पाणी चालतं, चहा नाही. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर त्या सकाळचा डोस घ्यायचा की नाही, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. उपाशीपोटी साखर एकदम खाली येऊ शकते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

खरी गोची होते एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात त्यात. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही शोधतात. मागच्या 2 आठवड्यांत ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी किंवा 4 आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल, तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ही गोळी लोक इतक्या सवयीने घेतात की तिला औषध धरतच नाहीत! मात्र परस्पर बंद करू नका, विचारून करा. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर तेही आधी कळवा, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

स्लीप स्टडीला, म्हणजे झोपेतला श्वास तपासतात त्याला, जाताना नेलपॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. झोपेत तुमचा श्वास मध्येच अडतो का, हे घरच्यांना विचारून जा. तुम्हाला स्वतःला ते कळणार नाही.

ईसीजी, टू-डी इको या हृदयाच्या तपासण्यांना खास तयारी लागत नाही. पोटाच्या सोनोग्राफीला मात्र उपाशीच जावं लागतं, नाहीतर पित्ताशय नीट दिसत नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञांपुढे दारू, सिगरेट, रात्रीचं खाणं, काहीही लपवू नका.