सामान्य माणसांच्या देशभक्तीचा अभ्यास करायचा कसा?

तुम्ही विचारलंय की "देशाचा अभिमान वाटतो का" असं शंभर लोकांना विचारून एमएचा प्रबंध होईल का. मी नागपुरात समाजशास्त्र शिकवतो, माझं मत नाही होणार. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे म्हणून अनेक देशांत लोकांची मूल्यं विचारणारं सर्वेक्षण होतं, त्यात हा प्रश्न असतो, युद्ध झालं तर लढाल का हा पण असतो, देशादेशांची तुलना करायला ते ठीक आहे, पण समोर बसून विचारलं तर आपल्याकडे नाही कोण म्हणणार?

सीताबर्डीत एका तर्रीपोहेवाल्या काकांना मी हेच विचारलं होतं. "हो ना मंग, काऊन नाही वाटणार!" विषय संपला. मग म्हटलं घरात कोणी देशासाठी काही करून राहिलं का, तर माणूस खुलला. पोरगा पहाटे उठून भरतीची तयारी करून राहिला, १६०० मीटरचा टायमिंग अजून बसत नाही, अग्निवीर झाला तरी ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होणार मग बाकीच्यांनी काय करायचं, त्याची आई तर नकोच म्हणते, तरी पाठवणार म्हणाले, आणि त्याच दमात सरकारला खड्ड्यांवरून, परीक्षांवरून मनसोक्त शिव्या. शॅट्झ, स्टॉब आणि लॅव्हिन या संशोधकांनी १९९९ मधे आंधळी देशभक्ती (देशाचं काहीच चुकत नाही म्हणणारी) आणि विधायक देशभक्ती (देश सुधारावा म्हणून टीकाही करणारी) असा फरक मांडला, त्यातली दुसरी म्हणजे हे काका. प्रेम आहे म्हणूनच राग आहे, आणि तुमच्या हो-नाहीच्या फॉर्ममधे हे येणारच नाही.

म्हणून मला वाटतं भावना विचारण्यापेक्षा माणूस त्यासाठी काय सोसतो ते विचारा. याच शहरात १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्सकडे, म्हणजे इंग्रज साहेबांच्या वस्तीकडे, तिरंगा घेऊन निघालं की अटक व्हायची, तरी बाहेरून लोक यायचे तुरुंगात जायला. आज घरावर झेंडा लावणं हा हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं २००४ मधे तसं सांगितलंय. म्हणजे कृती तीच, पण तेव्हाची आणि आताची एकाच मापात मोजता येणार नाही.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला लोकांना आत सोडतात, तिथल्या रांगेत नक्की बोला लोकांशी, पण सगळा डेटा सणाच्या दिवशीचा नको, एरवीच्या दिवशीही मुलाखती घ्या. आणि अभिमानाचा प्रश्न ठेवायचाच असेल तर एकदम शेवटी ठेवा, नाहीतर पुढची सगळी उत्तरं त्याच सुरात येतात.