शिडीची लांबी नंतर, आधी जॅक बघा

प्रश्न : आमच्या अग्निशमन दलात नवीन लॅडर गाडी घ्यायचं चाललंय आणि आम्हा फायरमन लोकांची मतं मागवलीत. सगळे म्हणतायत शिडी जितकी लांब तितकं चांगलं, शिवाय कॅमेरे आणि मोठी स्क्रीन पण पाहिजे. तुम्ही बरीच वर्षं शिडी चालवलीय म्हणून विचारतो, काय लिहून द्यावं? आणि टोकाला बास्केट हवी का नको?

उत्तर : तुम्हाला आधी विचारलं हे फार चांगलं झालं, नाहीतर गाडी दारात येऊन उभी राहते तेव्हाच चालवणाऱ्याला कळतं काय घेतलंय. तेव्हा अगदी मोकळेपणाने लिहा.

लांबीचं म्हणाल तर ३० मीटरची शिडी ३० मीटर वर जाईलच असं नसतं हो. मध्ये कंपाउंड असतं, झाडं असतात, लावलेल्या गाड्या असतात, आणि समजा टर्नटेबल, म्हणजे गाडीवरचा शिडी बसवलेला फिरता पाया, भिंतीपासून १८ मीटरवर राहिलं तर पूर्ण शिडी काढून पण ती साधारण २४ मीटरच चढते, त्यात टर्नटेबलची स्वतःची उंची मिळवा, तरी दीड-दोन मजले गेलेच की. शिवाय जास्त लांब शिडी म्हणजे बहुतेक वेळा गाडी पण लांब आणि जड, आणि ती वळणावरच अडकली तर वरचे मीटर काय कामाचे?

माझ्या मते खरा प्रश्न जॅकचा आहे, म्हणजे गाडी कलंडू नये म्हणून बाजूंनी बाहेर निघून जमिनीवर टेकतात त्या पायांचा. एका बाजूला जागा नाही म्हणून तिकडचे जॅक अर्धेच बाहेर काढले तर त्या बाजूला शिडी फार लांब नेता येत नाही, सिस्टीम मध्येच थांबवते, आणि थांबवायलाच पाहिजे नाहीतर गाडी कलंडेल. म्हणून प्रत्येक जॅक वेगवेगळा, हवा तेवढाच काढता येतो का हे विचाराच. एकदा रात्री घाईत मी गाडी लावली आणि एक जॅक नेमका गटाराच्या झाकणावर आला, सगळे जॅक परत उचलून गाडी पुढे घ्यावी लागली आणि वर खिडकीत माणूस उभा, ती दोन-तीन मिनिटं मी अजून विसरलो नाही. तेव्हा कॅमेरे जरूर मागा, पण पहिला कॅमेरा जॅकवर.

बास्केट घ्याच. म्हातारं माणूस, लहान मूल किंवा धुराने गुदमरलेला कोणी उभ्या शिडीवरून उतरेल अशी आशा धरू नका. टोकाचा भाग वाकणारा असला तर बास्केट कठड्यावरून आत पण घेता येते. फक्त बास्केटमुळे पुढे वजन किती वाढतं आणि मग टोकाला किती माणसं चालतात हे लेखी घ्या.

हातशिड्या कमी करून कपाटं वाढवू देऊ नका, मागच्या अंगणात गाडी जातच नाही, तिथे हातशिडीच लागते. करवत-कटर बॅटरीचे चांगले, पेट्रोलचं मशीन धुरात धापा टाकतं. इंजिन बंद पडलं तर शिडी कशी उतरवायची ते कंपनीच्या माणसाला सगळ्यांसमोर करून दाखवायला लावा.

आणि डेमो मोकळ्या मैदानात घेऊ नका, तुमच्या हद्दीतल्या सगळ्यात अरुंद गल्लीत गाडी बोलवा, आणि पूर्ण ड्रेस आणि बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मास्क) घालून तुमच्यातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाला वर चढवा.