घरी बनवलेल्या कोलायडल सिल्व्हरची चव सुधारण्यासाठी त्यात काय घालावं?

तुम्ही लिहिलंय की नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, सोनाराकडून आणलेल्या चांदीच्या दोन तारा आणि पाव लिटर डिस्टिल्ड पाणी घेऊन तुम्ही हे चांदीचं पाणी बनवता. आई महिनाभराच्या खोकल्यासाठी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मोठे चमचे घेते, पण नाणं चोखल्यासारखं लागतं म्हणून तोंड वाकडं करते. मध घालू की लिंबू, असं विचारलंय. काहीच घालू नका, आणि आईला ते देणं आजच थांबवा. बीएस्सीच्या मुलांची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स मी वर्षानुवर्षं घेत आलेय, चांदीचे क्षार काय करतात ते रोजच्या पाहण्यातलं आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

ती चव चांदीचीच आहे. बॅटरी जोडली की धन टोकाच्या तारेतून चांदी आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, होऊन पाण्यात उतरते. नाव 'कोलायडल', म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या धातूच्या सूक्ष्म कणांचं, असलं तरी घरच्या पद्धतीत बहुतेक चांदी आयनांच्याच रूपात राहते, आणि जिभेला लागतात ते हेच आयन. चिमूटभर मीठ टाकलंत तर पाणी दुधाळ होईल, म्हणजे सिल्व्हर क्लोराइडचा साका तयार होईल. मधानं चव झाकली जाईल, पण चांदी तेवढीच पोटात जाईल. शिवाय आज नाइलाजानं दोन चमचे घेणारी आई उद्या गोड लागतंय म्हणून चार घेईल, याची मला जास्त काळजी वाटते.

आता हिशेब बघा. एक मिलीअँपिअर प्रवाह तासभर वाहिला की तारेतून साधारण ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. ती सगळी पाण्यात राहिली असं धरलं तर पाव लिटरला ४, म्हणजे लिटरला १६ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. आई दिवसाला चार मोठे चमचे, म्हणजे ६० मिलिलिटर घेत असेल, तर जवळजवळ १ मिलिग्रॅम चांदी पोटात जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं रोजच्या सेवनासाठी ठरवलेली मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे; ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम. प्रवाह मोजला नसेल तर खरा आकडा याहून जास्तही असू शकतो, कारण पाण्यात आयन वाढतात तसा प्रवाहही वाढत जातो. सोनाराकडची तार शुद्ध नसेल तर तांबंही उतरतं. आणि डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावरचं, बॅटरीत घालायचं असेल, तर ते मुळात पिण्यासाठी बनवलेलंच नसतं.

प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटाला लागला तर मुलांना तेव्हा काहीच दिसत नाही. हात धुऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी उजेडात फिरून आले की बोटावर तपकिरी-काळा डाग उमटलेला असतो, साबणानं घासून जात नाही. वरची कातडी झडते तेव्हाच जातो. पोटातून गेलेल्या चांदीपैकी बरीचशी शौचावाटे निघून जाते, पण शोषलेल्यातली काही त्वचेच्या आतल्या थरात, हिरड्यांत, नखांखाली साठते आणि उजेडानं तशीच काळवंडते. तो थर झडत नाही. याला अर्जिरिया म्हणतात. त्वचा निळसर-राखाडी होते आणि सहसा कायमची तशीच राहते. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स २००० साल उजाडताना संगणक बंद पडून अँटिबायोटिक्स मिळेनाशी होतील या भीतीनं घरीच बनवलेलं असं पाणी पीत होते. २००२ साली सिनेटची निवडणूक लढवताना त्यांचा चेहरा निळसर झालेला साऱ्या अमेरिकेनं पाहिला.

आपल्याकडे बाळाला चांदीच्या वाटी-चमच्यानं भरवतात, मग यात काय वाईट, असं वाटणं साहजिक आहे. पण वाटीतली धातुरूप चांदी पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. तुम्ही ती विजेच्या जोरावर उतरवताय. चांदी जंतू मारते हेही खरं, म्हणून भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावतात. पण ते वरून लावायचं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. प्यायलेल्या चांदीनं कोणताही आजार बरा होतो याला पुरावा नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं १९९९ मध्येच अशी विनाचिठ्ठी विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असं जाहीर केलं.

खरा प्रश्न आईच्या खोकल्याचा आहे आणि महिना म्हणजे फार झाला. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करायची असते, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. आई रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेत असेल तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. चांदीचं पाणी किती दिवस चालू होतं तेही त्यांना न लपवता सांगा, विशेषतः थायरॉइडची गोळी किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर, कारण चांदीमुळे थायरॉक्सिन आणि काही अँटिबायोटिक्स नीट शोषली जात नाहीत. तोवर घशाला आराम म्हणून मध द्यायचाच असेल, आणि आईला मधुमेह नसेल, तर साध्या कोमट पाण्यात द्या.