वाग्गेयकार : ‘ग’ला ‘ग’ जोडा, ‘य’ नव्हे

कोथरूडच्या एका वाचकाने विचारलंय : आमच्या समूहगीताचे शब्द आणि चाल, दोन्ही एकाच बाईंची. निमंत्रणपत्रिकेत त्यांना ‘गीतकार-संगीतकार’ म्हणावं की ‘वाग्येयकार’? आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप काय?

आधी तो ‘ग्ये’ काढा! गेल्याच महिन्यात पुण्यातल्या एका सभागृहात निवेदकाने तो तीनदा उच्चारला आणि मागच्या फलकावरही तस्साच रंगवलेला. वाक् (शब्द) + गेय (गायचं ते). ‘क्’चा ‘ग्’ झाला, वाग्गेय. ‘गेय’मधला ‘य’ आपल्या जागी आहेच, आणखी एक कशाला?

गीतकार, संगीतकार हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. खरा खजिना आहे शार्ङ्गदेवाकडे. तेराव्या शतकात, आपल्याच देवगिरीला, राजा सिंघण यादवाच्या पदरी राहून त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. शब्दांना तो म्हणतो मातु, चालीला धातु. दोन्ही रचतो तो वाग्गेयकार. आणि दुसऱ्याच्या चालीत शब्द बसवतो तो? कुट्टिकार!

या शब्दावर माझा फार जीव आहे. संस्कृत ‘कुट्ट्’ म्हणजे तोडणं, ठेचणं. आपलं ‘कुटणं’ त्यातलंच आणि माझ्या मते कडबाकुट्टीतली ‘कुट्टी’ही त्याच घरची. कडब्याचे जसे बोटबोट तुकडे करतात, तसे शब्द मात्रांच्या मापाने तोडून चालीत भरायचे. ‘कुट्टिकार म्हणजे उसनवारी करणारा हलका कवी’ असं काही जाणकार सांगतात. मला ते पटत नाही. त्यांनी तयार चालीवर चार ओळी लिहून दाखवाव्यात. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणताना अण्णासाहेब किर्लोस्करांनी रूढ चालींवरच पदं बेतली. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असतं ना, ती कुट्टिकाराची खूण. ‘स्वयंवर’ नाटकात (१९१६) धातु गायक भास्करबुवा बखल्यांचा, मातु नाटककार खाडिलकरांचा. दोघेही थोर, पण त्या पदांपुरता वाग्गेयकार कुणीच नाही. म्हणून नुसती चाल लावणाऱ्याला हा शब्द बहाल करू नका.

समूहगायनही शार्ङ्गदेवाला नवं नव्हतं. त्याच्या उत्तम वृंदात, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या समूहात, ४ मुख्य गायक, ८ साथीचे आणि तब्बल १२ गायिका आहेत. ‘वृंदगान’ असा भरदार शब्द असताना ‘कोरस’ कशाला?

हां, स्त्रीलिंगी. चित्रकार, गीतकार बाईंनाही चालतं, तसंच वाग्गेयकारही चालेल. पत्रिका छापायला टाकण्याआधी मुद्रितात दोन्ही ‘ग’ जोडलेले आहेत ना, तेवढं डोळ्यांनी पाहा.