स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमधून भिंतीवर पाणी गळतंय, गॅस भरावा लागेल का?

लगेच गॅस भरू नका. मुंबईच्या दमट हवेत एसी भरपूर पाणी काढतो, आणि बहुतेक वेळा ड्रेन पाइप चिकट शेवाळाने तुंबलेला असतो.

एमसीबी बंद करा, फिल्टर काढून धुवा. कॉइल म्हणजे फिल्टरमागची थंड होणारी जाळी, तिच्याखालच्या ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. बाहेर पाइपमधून सरळ धार आली तर पाइप मोकळा. थेंब थेंब आलं तर तुंबलाय. बाहेरच्या टोकाला वेट व्हॅक्यूम (पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर) लावून ओढून घ्या. पाइपाला सलग उतार हवा, आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नको. बाल्कनीत हे सर्रास दिसतं. हवा अडते नि पाणी घरात येतं.

कॉइलवर बर्फ दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. दोन-तीन तास नुसता फॅन मोड चालवून तो वितळू द्या. स्वच्छ फिल्टरनंतरही बर्फ धरला तर गॅस कमी असू शकतो. आउटडोअर युनिटच्या फ्लेअर नटांवर (तांब्याचे गॅस पाइप जोडणारे नट) तेलकट डाग आहे का बघा, गळती बहुधा तिथेच सापडते. गळती बंद न करता भरलेला गॅस पुन्हा उडून जातो. भरताना आधी व्हॅक्यूम (पंपाने पाइपांतली हवा काढणं), मग रेटिंग प्लेटवरच्या (युनिटवरची माहितीची पट्टी) ग्रॅमनुसार गॅस काट्यावर तोलून, हा आग्रह धराच.