नातवंडांच्या वाट्याचं पाणी

प्रश्न : आमची विहीर मार्चमध्ये आटते. घरचे म्हणतात, ६०० फुटांचं बोअर घेऊ. नातवंडांच्या वाट्याचं पाणी आपण उपसतोय असं मनाला लागून राहतं. अशा वेळी नेमकं काय करावं?
– एक शेतकरी वाचक, जि. बीड

उत्तर : मनाला लागलंय ते योग्यच आहे. बोअर घेऊ नका. आपल्याकडे पाणी साठतं ते मुख्यतः मुरमात आणि त्याखालच्या तडे गेलेल्या खडकात. त्याखालच्या काळ्या पाषाणात साठा थोडा आणि तो भरायलाही फार वेळ लागतो. शिवाय केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, नीट बसवलं नाही, तर वरच्या थरातलं पाणी बोअरमधून खाली उतरतं आणि शेजारच्या विहिरीही कोरड्या पडतात. २००९ च्या राज्य भूजल कायद्याने ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद केली आहे, ती याच धोक्यामुळे.

आता हिशेब मांडा. ५०० मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर पाणी. त्यातलं ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरतं, म्हणजे ५ लाख. तुमचं रान दोन हेक्टर असेल, तर तुमच्या वाट्याला येतात १० लाख लिटर. एक हेक्टर हरभऱ्याला ५० मिमीच्या दोन पाळ्या दिल्या की ते संपतात. उसाला पाऊस वजा जाता हेक्टरी कोटभर लिटर तरी लागतं, म्हणजे वीस हेक्टरांत मुरलेलं पाणी! पुढच्यांचा वाटा जातो तो इथे.

विहीर पुनर्भरण जरूर करा. ओघळाचं पाणी आधी गाळ बसण्याच्या खड्ड्यात घ्या, मग गाळण खड्ड्यात : तळाला मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर वाळू. तळातून पाइप काढून तोंडाला जाळी लावा आणि तो विहिरीत सोडा. दर उन्हाळ्यात वरची वाळू खरवडून बदला, नाहीतर गाळ बसून खड्डा तुंबतो. उकिरड्याचं किंवा फवारणी केलेल्या रानाचं पाणी मात्र चुकूनही आत जाऊ देऊ नका.

पण मुरवलेलं पाणी शेजाऱ्याने उपसलं तर? भूजलाला बांध नसतो, म्हणून हा हिशेब गावाने मिळून करायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर बंद केलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मोजा, पिण्याचं आणि जनावरांचं पाणी पुढच्या जूनपर्यंत बाजूला काढा. उरेल त्यावरच रब्बीची पेरणी ठरवा.